वीतभर भराव

"पावसाचं पाणी चुलीपर्यंत येते. माही रांधायची जागा वीतभर उचलून दे, बाबू," गयाबाईनं मुलाच्या दोस्ताला, गुलाबला सांगितलं.

गुलाब आणि तेजराम कारखान्याच्या बांधकामावर जोडीनं राबत आणि पावर हाउसजवळच्या या झोपडीत चुलीपाशी जोडीनंच जेवत. रविवारी गुलाबनं मुरूम आणला, भिजवला, धुम्मसानं ठोकला, कडेला विटांची ओळ लावली. अर्धी खोली वर आली. गयाबाईनं ती शेणानं सारवली.

संध्याकाळी तिनं तेजरामचं ताट चुलीजवळ वाढलं. गुलाबचं विटांच्या ओळीपलीकडे, खालच्या जमिनीवर ठेवलं.

"मावशी, हे कावून?"

"तेजरामच्या सोयरिकीले जातीचे पाहुणे येऊन राहिले, बाबू. चुलीपाशी कोण बसते, हे पाहतात ते. तू खालीच बसत जा आता."

गुलाबनं तेजरामकडे पाहिलं. तेजराम ताटात पाहत होता. चुलीपर्यंत पाणी कधीच आलं नव्हतं, हे गुलाबला मुरूम आणतानाही ठाऊक होतं.

गुलाब खाली बसला. समोरची एक वीट जराशी बाहेर आली होती. जेवायच्या आधी त्यानं ती तळव्यानं आत दाबली.