टीम टिकत नाय

मुख्तारशेठ कॉलेजच्या बास्केटबॉल टीमची एकही मॅच चुकवत नसत. भिवंडीत पॉवरलूमवाले पुष्कळ होते, पण कारखाना मुकादमावर टाकून मैदानात येऊन बसणारे आणि हाफटाइमला पोरांना मोसंबी वाटणारे हे एकटेच. नव्वद सालच्या सीझनला मात्र टीम पहिल्याच फेरीत हरली. मॅचनंतर शेठ मैदानाकडेलाच चहा घेत बसले.

"सर, चांगली पोरं आपल्याकडे टिकतच नायत," ते कोच परुळेकर सरांना म्हणाले. "गेल्या वर्षी इद्रीस टीम सोडून गेला. काय पळायचा तो. यंदा शेलारचा चिंतू ऐन सीझनमध्ये कॉलेज सोडून बसला. आजकालच्या पोरांना टीमची काय पडलेलीच नाय."

सरांनी चहाचा घोट घेतला.

"आता तो नवा देवू बघा. अख्खी मॅच पळत होता, पण दमला नाय. राहतो कुठं तो?"

सरांनी कप खाली ठेवला. "शेठ, इद्रीस कुठं राहतो, हेही तुम्ही मला असंच विचारलं होतं. मग चिंतूचं विचारलंत. आज दोघंही तुमच्याच कारखान्यात बारा तासांची ड्युटी करतात."



"तसा आज रेफरीच एकतर्फी होता," मुख्तारशेठ म्हणाले. मग चहाचा शेवटचा घोट घेऊन त्यांनी हळूच विचारलं, "देवू टेमघरचाच ना?"