हौशीच्या अंगावरची गोचीड

"आजी, ही कुत्र्याची आहे."

सुलक्षणानं चिमट्यातली गोचीड भिंगाखाली पुन्हा एकदा फिरवली. लालसर, लांबोडकी, पाय झाडणारी. मग ती हौशीच्या पोटाखाली वाकली. हौशी म्हणजे सारजाबाईंची म्हैस. तिच्या पोटावर तसल्याच आणखी काही जणी हिंडत होत्या, भलत्याच गावात एसटीतून उतरलेल्या पाहुण्यांसारख्या. कातडीला चिकटलेली एकही नव्हती.

सारजाबाईंनी पदर तोंडाशी धरला. तेवढ्यात जिभेवर आलेली उत्तरं अशी:

कुत्रं हितंच लोळतं, बया. (खरं. पण अर्धंच.)

माजं डोळं गेल्यात, मला काय कळतंय. (खोटं. सकाळीच सुई ओवली होती.)

गेनूनं केलं आसंल. (गेनू शेजारचा. बोकड घेऊन वेल्ह्याच्या बाजाराला गेलेला. जागेवर नसलेला माणूस अशा वेळी फार कामाला येतो.)

चौथं उत्तर आलंच नाही, कारण सुलक्षणानं मान वर करून त्यांच्याकडं बघितलं.

"हिच्या स्वतःच्या गोचिडी कुठं गेल्या, आजी?"

गुंजवणे धरणाच्या वरच्या अंगाला धनगरांची ही वस्ती. सुलक्षणाचा अभ्यास गोचिडींचा, आणि ठरलं होतं ते अगदी साधं. वस्तीवरच्या बाकीच्या म्हशींना औषध. हौशीला काही नाही. औषध नाही, राख नाही, हात तर मुळीच नाही. दर बुधवारी सुलक्षणा चढ चढून येणार, दोन्हीकडच्या गोचिडी मोजणार आणि औषधानं फरक पडतो का ते बघणार. "हौशी नसेल तर मी बाकीच्या म्हशी कशाशी ताडून बघू?" ती म्हणाली होती. तेव्हापासून पुण्याच्या कॉलेजात आपल्या म्हशीचं नाव आहे, असं सारजाबाई वस्तीभर सांगत होत्या.

"ऱ्हावलं न्हाई गं," सारजाबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"सांजच्याला गेले की मान खाली घालून हुबी ऱ्हायाची. आता काडंल, मग काडंल. म्या हात लावंना म्हनून दूद चोराया लागली. मग म्हनलं, एक काडावी. येकीनं काय हुतंय? पर येक काडली की दुसरी दिसती."

"आणि सगळ्या काढल्या."

"चुलीत घातल्या. मग ध्यानात आलं, आता पोरगी यिल. मोजनार काय, माजं कपाळ? मग गेनूचं कुत्रं धरलं, टिप्या. त्याच्या काडल्या नि हिच्यावर सोडल्या." सारजाबाईंनी पदर खाली सोडला. "गोचीड ती गोचीड, म्हनलं. जातपात बघती का काय ती!"

सुलक्षणानं एकदम पाठ फिरवली. तिचे खांदे हलायला लागले.

"ए पोरी. रडतीस व्हय?"

रडत नव्हती. हसत होती. एवढी हसली, की गोठ्याच्या मेढीला धरून उभं राहावं लागलं. सारजाबाईही हसल्या. हौशीनं दोघींकडं बघून नाक फुरफुरवलं.

मग हसू सरलं.

"पण आजी, हौशी आता अभ्यासातून गेली. हिचे आकडे मला धरता नाही यायचे."

भिंग पिशवीत गेलं. चिमटा गेला. बाटल्या गेल्या. सारजाबाई एकेक वस्तू आत जाताना बघत राहिल्या.

"मग बुदवारचं?"

"दुसऱ्या वस्तीवर एखादी म्हैस बघावी लागेल. पलीकडच्या डोंगराला."

कॉलेजातलं नाव गेलं, जाऊ दे. ते नाव सारजाबाईंनी कधी बघितलंही नव्हतं. पण बुधवारी चढावरून हाक यायची, "आजी, कुत्रं धरा!" आणि ही पोर धापा टाकत येऊन आधी तांब्याभर पाणी प्यायची, मग भाकरी मागायची. मागून खाणारं माणूस वस्तीवर दुसरं कोण होतं?

सारजाबाई हौशीजवळ बसल्या. आता हात लावायला कुणाची बंदी नव्हती. टिप्याची एक गोचीड त्यांनी नखात धरली, दुसरी धरली. हौशीनं शेपूट खाली सोडलं आणि अंग सारजाबाईंच्या खांद्याला टेकवलं.

सुलक्षणा पिशवी खांद्याला लावून उभी होती.

उभीच होती.

मग पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. ती म्हशीच्या पलीकडच्या अंगाला जाऊन बसली. इकडून आता तिचे फक्त पाय दिसत होते.

"हाताला रबरी पिशवी घालू नगंस हां," सारजाबाई म्हणाल्या. "बिचकती ती."

"हातमोजे म्हणतात, आजी. आणि घालणार. तुम्हीपण घालायचे."

"व्हय, व्हय. मोटी आली डाक्टरीन."

दोन्ही बाजूंनी म्हैस स्वच्छ होत होती.

"आजी, कानात बघू का? कानात असतात."

सारजाबाईंचा हात थांबला.

"आज नगं," त्या म्हणाल्या. "कानाला हात लावू देत न्हाई ती कुनाला. वळख पटाया लागती. लई दिस लागत्यात."

सारजाबाईंनी उठून म्हशीच्या पाठीवरून डोकावून बघितलं. हौशीनं मान पार तिकडं वळवली होती, कान पोरीच्या तळव्यात टेकवला होता आणि डोळे मिटून घेतले होते.

सुलक्षणानं कानाखाली हळूच खाजवलं. वर बघितलं नाही.

"लागू देत दिवस," ती म्हणाली.