म्होरकीचं अस्तर

साजवाल्या शफीभाईच्या फळीवर भागुजीनं साळू घोडीची जुनी म्होरकी ठेवली खरी, पण हात काही तिच्यावरून निघेना.

शिनोलीहून येताना एस्टीत ती त्याच्या मांडीवर होती. डुलकी लागली की वाटायचं, साळूनं तोंडच मांडीवर टेकलंय. घासून घासून चामडं काळं पडलं होतं, मऊ झालं होतं, आणि घोडीच्या घामाचा वास अजून तसाच होता. साळू खोडदच्या कपिलकडे गेली आणि म्होरकी घरी खुंटीला राहिली. रीतच ती. जनावर द्यावं, दावं-म्होरकी देऊ नये. त्यांच्याबरोबर दारची बरकत जाते म्हणतात. घेणाऱ्यानं आपली आणावी. भागुजी चारचौघांत असल्या गोष्टींना हसायचा. घरात बुद्धाची तसबीर आहे, आपण हे मानत नाही, असं ठणकावून सांगायचा. पण बायकोनं, द्रौपदानं, म्होरकी खुंटीला अडकवली तेव्हा त्यालाही बरंच वाटलं होतं.

"वयनीला काय सांगून आलास?" शफीभाईनं विचारलं.

"गुडघं दाखवायला चाललोय म्हणून."

गुडघ्यांपायीच तर घोडी गेली होती; आता त्याला तिच्यावर बसवत नव्हतं. बैलगाड्यांच्या शर्यतीत बैलांच्या पुढं पळणारी भीमथडी घोडी दारात नुसती बांधून घालायची, हे त्याच्या जिवाला पटेना.

जुन्नरच्या त्या दुकानात आता साज कमी आणि भेटवस्तूच जास्त होत्या. चहाचे कप, घड्याळं, किल्ल्यांच्या जुडग्याला लावायचे चामडी घोडे, आणि प्रत्येकावर कुणा ना कुणा घोडेमालकाचं नाव.

"पूर्वी साज घोड्याला लागायचा भाऊ, आता मालकाला लागतो," शफीभाई म्हणाला. "आमची पोरगी शिफा फोनवर आर्डरी घेती. ही बघ कपिलची. त्याच्या बायकोनं करून घेतली, पहिल्या घोडीची भेट म्हणून."

नव्या कोऱ्या म्होरकीच्या कपाळपट्टीवर पितळी अक्षरांत 'कपिल' चमकत होतं.

"घोडी हिच्यात तोंड घालंना म्हणून माघारी आलीया," शफीभाई म्हणाला.

"वैरणीलाबी तोंड लावंना. कल्याणीचा, त्याच्या बायकोचा, फोन व्हता मला. रडत व्हती पोरगी." भागुजीनं जुनी म्होरकी पुढं सरकवली. "नव्या चामड्याला दुकानाचा वास हाये. आतून हे लाव. गालाला वळखीचं कायतरी लागू दे."

शफीभाईनं हातातली कातडं कापायची रापी खाली ठेवली. "म्हंजी ही कापायची? कापलेलं पुन्ना जोडता येत न्हाई भाऊ. आन् दारची बरकत?"

भागुजीनं म्होरकीवरचा हात उचलला. मग म्हणाला, "बरकत दारात उभी राहून वैरण खात व्हती, शफीभाई. ती गेली खोडदला. तितं तरी खाऊ दे तिला."

रापी चालू लागली तशी त्यानं भिंतीकडं तोंड केलं. दुपार कलंडली होती. आरीच्या लयीत त्याचा डोळा लागला. लोणीच्या शर्यतीच्या घाटात साळू बैलांच्या पुढं पळत होती आणि तो तिच्या पाठीवर होता. गुडघे मुळीच दुखत नव्हते. माणसं ओरडत असावीत, पण आवाज येत नव्हता. निशाण मागं पडलं तरी साळू थांबली नाही. धुळीच्या पलीकडं खोडदच्या दुर्बिणीच्या त्या भल्यामोठ्या पांढऱ्या ताटल्या आभाळाकडं तोंड करून उभ्या होत्या आणि ती त्यांच्यामधून हळूहळू चालत निघाली. त्यानं तिला आवरायला हात ओढला, तर हातात काहीच नव्हतं.

बाहेर पिकअप थांबली. तिच्या फळ्यांवर खुरं वाजली. भागुजी जागा झाला आणि झटकन टांगलेल्या पट्ट्यांच्या आड सरकला.

"मी हाये म्हणून सांगू नको," तो पुटपुटला. "तिनं मला पायलं तर पयल्यापास्नं समदं सुरू व्हईल."

कपिल गाडीतूनच म्हणाला, "चाचा, आता तरी घालंल का?"

"घालून बघ," शफीभाई म्होरकी घेऊन बाहेर जात म्हणाला.

भागुजीला दिसत काहीच नव्हतं. घोडीनं मान झटकली, साखळी वाजली. पुन्हा झटकली. मग फुरफुरणं ऐकू आलं, लांब, हुंगत असल्यासारखं. नंतर किती तरी वेळ काहीच नाही. तिला आपलाही वास आला असेल का, या धास्तीनं तो श्वास आवरून बसला. यावा, असंही त्याला वाटत होतं.

"चाचा, स्वताच तोंड घातलं हिनं," कपिल हळूच म्हणाला. आणि मग कराकरा आवाज आला. साळू वैरण खात होती.

भागुजीनं डोळे मिटले. तो आवाज त्याला शिनोलीच्या पडवीतला वाटला. गाडी सुरू झाली, तरी खाण्याचा आवाज थांबला नाही. गाडी वळणावर गेली तसा तो हळूहळू ऐकू येईनासा झाला.

शफीभाईनं जुन्या म्होरकीची उरलेली कडी त्याच्या हातावर ठेवली. "चामडं समदं आत गेलं. ही तेवढी घरी ने, खुंटीला लाव. बरकतीला काय कळतंय."

भागुजी हसला. मग कुणी पाहत नाही असं बघून त्यानं ती कडी नाकाशी नेली. तिला नुसत्या लोखंडाचा वास होता.