दाण्याएवढं वळण

सरांनी उजव्या हाताने व्होल्टेजचं बटण फिरवलं. भिंतीवरचा लेसरचा लाल ठिपका वीतभर सरकला. तपासणीला आलेल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"पाहिलंत? विजेच्या इशाऱ्यावर द्रवस्फटिक किरणाला कसा वळवतो!"

शेजारी उभ्या त्यांच्या विद्यार्थिनीची नजर मात्र सरांच्या डाव्या हातावर होती. तो आडून किरणाच्या वाटेतल्या आरशाचा स्क्रू फिरवत होता. स्फटिकाची वायर तर जोडलेलीच नव्हती.

"घे गं, आता तुझी पीएचडी पक्की!" त्याच बोटांनी सरांनी तिला पेढा भरवला. चार वर्षं लेकरासारखा जपलेला किरण, त्याला असं कान धरून नाचवलं! पेढा तिने रुमालात थुंकला.

मग पाहुण्यांदेखत तिने वायर जोडली, बटण फिरवलं. ठिपका ज्वारीच्या दाण्याएवढा हलला.

"माझा किरण एवढाच वळतो, साहेब."