नवस

मिरजेच्या बदलीचं विचारायला आलेल्या सालोमी नर्सला कचेरीत कळलं, की जिल्हा लोकल बोर्ड कालच बरखास्त झालं.

"बदली मंजूर होती, बाई. फक्त अध्यक्षांची सही राहिली," कारकून म्हणाला.

"मग आज घ्या."

"आता अध्यक्षच नाहीत. बोर्डाच्या जागी जिल्हा परिषद आलीय. तिचा हुकूम येईस्तोवर दवाखाना सोडू नका."

मिरजेला आजीकडे वाढणारी तिची लेक मागच्या खेपेला तिला पाहून आजीच्या पदराआड लपली होती. तरी सालोमी दवाखान्याच्या डोंगरातल्या गावी परतली.

ती इथंच राहणार हे कळताच म्हातारी सरूबाई गूळ घेऊन धावत आली.

"तुमी जाऊ नये म्हनून देवीला नवस बोलले व्हते, बाई. पावली बगा!"

तिच्या आनंदापुढे सालोमीला रडताही येईना. तिने गुळासाठी हात पुढे केला.