अर्थ तेवढा

आई जाऊन आठवडा झाला होता. निलांबिकेनं तिचा शेवटचा निरोप मोबाइल दुरुस्तीवाल्या हत्तुऱ्यांना ऐकवला. “तू आता नाही आलीस तरी चालेल,” फोन आपल्या नेहमीच्या सपाट आवाजात म्हणाला.

“आई हे कुठल्या भाषेत बोलली, तेवढं शोधून द्या.”

“ते राहत नाही, ताई. भाषा कुठलीही असो, फोन वाक्य सोडवतो, कर्ता-क्रियापद जुळवून अर्थ काढतो, तो मराठीत ऐकवतो आणि मूळ बोलणं पुसून टाकतो. अर्थ कळला ना?”

“कळला.”

हत्तुऱ्यांनी फोनची काच पुसून तो परत दिला. निलांबिकेनं तो पर्समध्ये ठेवला आणि रिक्षाला हात केला.

आई रागावली की मराठीत बोलायची, आणि माया दाटून आली की कानडीत.