शांततेचं एक मिनिट

"रेडिओ बंद करा हो," साउंडवाली म्हणाली.

पंपघराच्या चालकाने ऐकलं, पण तो जागचा हलला नाही. "संध्याकाळी लावायची सवय आहे. नाहीतर घर खायला उठतं."

"थोडाच वेळ."

त्याने आवाज जरासा कमी केला. साउंडवालीने हेडफोन कानावरून सरकवला आणि नुसती त्याच्याकडे पाहत राहिली. शेवटी त्याच्या बहिणीनेच उठून बटण बंद केलं. "दिवसभर हात लावत नाही," ती म्हणाली, "दिवेलागण झाली की लागलाच मोठ्याने. बातम्या असोत नाहीतर खतांच्या जाहिराती."

घर नदीकाठी, पंपघराच्या मागेच होतं. दोन खोल्या आणि मागच्या बाजूला नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्या. तिकडचं दार आणि खिडकी बंद होती. पिल्लाला गारठा बाधतो, असं चालकाने आल्याआल्याच सांगितलं होतं. पाणमांजराला गारठा बाधतो हे कॅमेरावाल्याला नवीन होतं. पण ज्याचं त्याला ठाऊक, म्हणून तो दिवे लावायला लागला.

ते पिल्लू, म्हणजे गोटू, चालकाच्या मुलीच्या मांडीवर उताणं पडलं होतं. मुलीला सगळे चिमी म्हणत. सहा वर्षांची पोर, पण आई गेल्यापासून वर्षभर तिने तोंडातून शब्द काढला नव्हता. डॉक्टर झाले, औषधं झाली. लोकांनी सांगितलं ते सगळं करून झालं. मग एका सकाळी बाप हे पिल्लू शर्टात गुंडाळून घेऊन आला. काही दिवसांनी मासळीचा तुकडा त्याच्या तोंडापुढे धरून चिमी म्हणाली, "खा."

त्या एका शब्दासाठी टीव्हीवाले इतक्या लांब आले होते.

"गोटूची आई कुठे सापडली?" दिग्दर्शकाने विचारलं.

"रस्त्यावर. ट्रकखाली आली होती. मीच पुरली तिला."

"ती जागा दाखवता येईल?"

चालकाने नदीच्या बाजूला हात केला. "नदीने नेली ती जागा."

दिग्दर्शकाला हे वाक्य फार आवडलं. त्याने ते दोनदा म्हणायला लावलं. मग तो चिमीपुढे उकिडवा बसला. "काय गं, गोटूला आई आठवते का?"

चिमीने बापाकडे पाहिलं.

"तिला तो विषय नको," बाप घाईने म्हणाला.

दिग्दर्शकाने लगेच माघार घेतली. आईविना पोर, त्यालाही वाईट वाटलं.

आत्याचं बोलणं मात्र न विचारता चालू होतं. "मासळी आणतो ती दोन वाटे करून. एक गोटूला, एक मागच्या पायरीवर. विचारलं तर म्हणे मांजरांसाठी! या घराकडे जन्मात मांजर फिरकलेलं नाही."

"येतात," चालक म्हणाला. "तू झोपलीस की येतात."

"मी झोपते कधी, ते तरी सांग."

सगळे हसले. चालकही हसला, पण जरा उशिरा.

वनखात्याच्या साहेबांनी पिल्लू सध्यापुरतं ठेवू दिलं होतं, तेही अनाथ म्हणून. महिनाअखेरीला ते न्यायला येणार होते. "कार्यक्रम लागू तर द्या," दिग्दर्शक म्हणाला. "सगळा देश रडेल. मग कोणाची टाप आहे पिल्लू न्यायची!"

चालकाने हात जोडले. "गोटू गेला तर पोर परत मुकी होईल हो. मला दुसरं काही नको." बोलता बोलता त्याला रडू फुटलं. ते खरं होतं, त्यात नाटक नव्हतं. कॅमेरा चालू होताच.

आवराआवर सुरू होण्याआधी साउंडवालीने सगळ्यांना थांबवलं. "आता एक मिनिट गप्प बसायचं. हलायचं नाही. खोलीची शांतता रेकॉर्ड करायची आहे, वाक्यांच्या मधे जोडायला लागते."

"शांतता?" आत्या म्हणाली. "मग आधी यायचं होतंत. वर्षभर फुकट मिळत होती इथे."

साउंडवालीने हात वर केला. सगळे पुतळ्यासारखे बसले. अर्धं मिनिट झालं असेल नसेल, चालक खोकला.

"पुन्हा घेऊ."

पुन्हा हात वर. हेडफोनमध्ये पंपाची घरघर आली, नळाचे थेंब आले, आणि त्यांच्यामागून एक बारीक शीळ आली. चालक खोकला, आणि खोकतच राहिला.

"पाणी प्या हो."

"मी बाहेरच जातो," म्हणत तो उठला आणि मागच्या दाराकडे वळला.

"नको, दार वाजेल. बसा तुम्ही." साउंडवालीने कपाळाला आठी घातली. "कोणीतरी शीळ घालतंय."

"गोटू असणार," दिग्दर्शक म्हणाला. "गोड वाटतं. राहू दे."

साउंडवालीने गोटूकडे पाहिलं. तो चिमीच्या फ्रॉकमध्ये तोंड खुपसून गाढ झोपला होता.

तिसऱ्यांदा हात वर गेला. चालकाने रुमाल तोंडावर घट्ट धरला आणि डोळे मिटून घेतले. शीळ आली. या वेळी ती ऐकायला हेडफोनही लागला नाही. गोटूने डोळे उघडले आणि मान बंद खिडकीकडे वळवली. कोणी हललं नाही. मिनिट अजून भरायचं होतं.

"बाबा, आज तरी दार उघडा ना," चिमी स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाली. "गोटूची आई केव्हाची हाका मारतेय."